डोंगर न दिसणारे पाँपेई : ‘द फायर्स ऑफ व्हल्कन’बद्दलची श्रोत्यांची मते कशी तोलावीत?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे ज्यांनी ही श्रुतिका ऐकलेली नाही त्यांनाही पुढचे विवेचन समजेल. आपल्या श्रवणगटाने ‘बिग फिनिश’ या ब्रिटिश निर्मितीसंस्थेची ‘द फायर्स ऑफ व्हल्कन’ ही ‘डॉक्टर हू’ (जिचा नायक डॉक्टर काळातून प्रवास करतो) या मालिकेतील श्रुतिका, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटात गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहराची गोष्ट, दर आठवड्याला एक भाग याप्रमाणे चार बैठकांत ऐकली. शेवटच्या बैठकीत मते विचारली, तेव्हा गटात चांगलीच फूट पडली. काहींचे म्हणणे, ही विज्ञानकथाच नाही, कारण यात परग्रहवासी नाही, यंत्र नाही, शोध नाही. हे केवळ रोमन काळातले नाटक आहे. काहींना पहिले दोन भाग संथ वाटले. एका निवृत्त इतिहासशिक्षकांनी स्फोटाची तारीख चुकल्याचे सांगितले. रोमन लोक लंडनच्या इंग्रजीत बोलतात, हे दोघांना खटकले. डॉक्टरची सहप्रवासी मेल हिची भूमिका सर्वांना आवडली आणि शेवट पुष्कळांना सोयीचा वाटला. आपण विचारले आहे की यांपैकी कोणते मत ग्राह्य धरावे, आणि ऐतिहासिक पार्श्वभूमीच्या विज्ञान-श्रुतिकेचे मूल्यमापन करताना कान नेमका कशाकडे ठेवावा.

मी गेली तीस वर्षे नभोनाट्ये बसवते आहे. त्यांतली निम्म्याहून अधिक ऐतिहासिक होती. ही श्रुतिका मी चार वेळा ऐकली आहे. त्या अनुभवावरून उत्तर देते. आपल्या गटातील पहिला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच मला सर्वांत कमी पटतो, म्हणून त्यावर अधिक लिहिणार आहे.

ही श्रुतिका सप्टेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाली. स्टीव्ह लायन्स यांनी ती लिहिली, गॅरी रसेल यांनी दिग्दर्शित केली. सिल्व्हेस्टर मॅकॉय यांचा सातवा डॉक्टर (नट बदलला की डॉक्टरचा क्रमांक बदलतो) आणि बॉनी लँगफर्ड यांची मेल ही त्यातली मुख्य जोडी. १९८० साली पाँपेईच्या अवशेषांत उत्खनन चालू असताना एक निळी पोलीस-पेटी सापडते, म्हणजेच डॉक्टरचे कालयान, टार्डिस, आणि तिथून कथा सुरू होते. नंतर आपण इसवी सन ७९ मध्ये येतो. स्फोटाला एक दिवस उरला आहे, डॉक्टर आणि मेल यांची टार्डिसपासून ताटातूट झाली आहे, आणि आपले यान राखेखाली गाडले जाणार हे डॉक्टरला आधीच ठाऊक आहे. मेलला हे ठाऊक नाही. गावातल्या कोणालाच काही ठाऊक नाही.

आता विज्ञानकथा कुठे आहे, ते पाहू. आपण मराठी श्रोते शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी ऐकण्यात मुरलेले आहोत. पानिपतावरचे नाटक ऐकताना सदाशिवरावभाऊंच्या छावणीतले प्रत्येक मसलतीचे वाक्य आपण १४ जानेवारी १७६१ ही तारीख मनात ठेवूनच ऐकतो. विश्वासरावांचा आवाज आला की आपल्या पोटात कालवते, ते त्या आवाजात काही दुःखद असते म्हणून नव्हे. पुढचे आपल्याला माहीत असते आणि त्यांना माहीत नसते, म्हणून. मात्र साध्या ऐतिहासिक नाटकात हे ज्ञान प्रसंगाच्या बाहेर, श्रोत्यापाशी असते. छावणीत बसलेल्या कोणापाशीही ते नसते. कालप्रवासाची कल्पना एवढेच करते की ते ज्ञान बाहेरून उचलून प्रसंगाच्या आत, एका पात्राच्या छातीवर आणून ठेवते. मग त्या पात्राला खानावळीत बसून लोकांशी बोलावे लागते, त्यांच्या उद्याच्या बेतांना मान डोलवावी लागते, आणि सांगावे की सांगू नये या पेचात प्रत्येक उत्तर तोलून द्यावे लागते. ‘द फायर्स ऑफ व्हल्कन’मधले विज्ञान म्हणजे हेच. यंत्र एकच आहे, आणि कथेचा बराचसा काळ ते हाताशी नाही.

ज्यांना याहून काटेकोर विज्ञान हवे आहे त्यांनी १९८०च्या शोधाकडे लक्ष द्यावे. भविष्यात सापडलेली वस्तू भूतकाळातल्या माणसाचे हातपाय बांधते. जे घडलेले आहे ते घडलेलेच राहिले पाहिजे आणि तरीही वर्तमानात निवड करता आली पाहिजे. हा भौतिकशास्त्रज्ञांनी गांभीर्याने विचारात घेतलेला प्रश्न आहे. इगोर नोव्हिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे स्वसुसंगतीचे तत्त्व हेच सांगते की कालप्रवास शक्य असलाच, तर त्यातून स्वतःशी विसंगत असा इतिहास निर्माण होणार नाही. आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या कथेतील गंगाधरपंत दुसऱ्याच इतिहासात जाऊन पोहोचतात आणि तिथे पानिपतावर विश्वासराव वाचलेले असतात. म्हणजे तिथे इतिहासाला फाटा फुटतो. इथे इतिहासाला फाटा फुटत नाही. दोन्ही प्रकार विज्ञानकथेचेच आहेत, आणि दुसरा नाटककाराला अधिक जड जातो, कारण त्यात सुटकेची वाट आधीच बुजवलेली असते.

परग्रहवासी नसणे हा या मालिकेतला प्रमाद नाही, ती तिची जुनी चालच आहे. ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झाली. मुलांना विज्ञानाबरोबर इतिहासही कळावा, असा तेव्हा हेतू होता. त्यामुळे आरंभीच्या वर्षांत मार्को पोलो, अॅझ्टेक, नीरोचे रोम, फ्रान्समधील दहशतीचे राज्य अशा विषयांवर निव्वळ ऐतिहासिक कथा झाल्या, आणि कालप्रवासी सोडले तर त्यांत अद्भुत काहीच नसे. (अगदी पहिल्या कथेचे आणि मार्को पोलोवरील बहुतेक भागांचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौला जन्मलेले, आपल्याकडच्या श्रोत्यांना हे सहसा ठाऊक नसते.) १९६६-६७ मध्ये स्कॉटलंडमधील कलोडनच्या लढाईनंतरच्या दिवसांवर एक कथा झाली आणि तिच्याबरोबर हा प्रकार दूरचित्रवाणीवरून जवळजवळ संपला. नंतर १९८२ मध्ये एक दोन भागांची कथा झाली, तेवढीच. त्यापुढे भूतकाळ आला तरी त्याच्या मुळाशी कोणीतरी परका जीव असणारच, हे ठरून गेले.

त्या जुन्या ऐतिहासिक कथांचे पुढे काय झाले, हे श्रुतिकेच्या श्रोत्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. बीबीसीने त्या काळातल्या अनेक फिती पुसल्या किंवा नष्ट केल्या. मार्को पोलोवरील सातही भागांचे चित्र आज उपलब्ध नाही. परंतु प्रसारणाच्या वेळी काही चाहत्यांनी घरच्या घरी टेपरेकॉर्डर लावून आवाज मुद्रित करून ठेवला होता, आणि गहाळ भागांपैकी प्रत्येकाचा आवाज त्यामुळे वाचला. म्हणजे मालिकेतल्या कित्येक ऐतिहासिक कथा दोन-तीन पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्याच नाहीत, फक्त ऐकल्या आहेत. बिग फिनिशने १९९९ मध्ये ‘डॉक्टर हू’च्या श्रुतिका सुरू केल्या आणि पुढच्याच वर्षी निव्वळ ऐतिहासिक कथेकडे वळली, तेव्हा तो प्रकार ज्या रूपात जिवंत राहिला होता त्याच रूपात परत आला.

याच पाँपेईवर दूरचित्रवाणीने १२ एप्रिल २००८ रोजी एक भाग केला. तो चांगलाच आहे, पण त्यात डोंगराच्या पोटात अग्नी आणि पाषाणाचे जीव आहेत. आपल्या गटातील ज्यांना परग्रहवासी हवे आहेत त्यांना तो जरूर दाखवा आणि मग एकच विचारा : डोंगर का फुटला याचे उत्तर मिळाल्यावर गावातल्या माणसांबद्दलचे दुःख वाढले, की कमी झाले? माझ्यापुरते सांगायचे, तर ते कमी झाले. ज्वालामुखीला हेतू नसतो, आणि त्या हेतुशून्यतेतच त्या घटनेची भीती आहे. तिथे शत्रू आणून बसवला की लढाई सुरू होते, आणि लढाई सुरू झाली की श्रोता सैलावतो.

आता माझ्या धंद्यातल्या गोष्टीकडे येते. पाँपेईवरचे कोणतेही चित्र, चित्रपट किंवा मालिका घ्या. मागे डोंगर असतोच. पहिल्या दृश्यापासून तो गावावर छाया धरून बसलेला असतो आणि प्रेक्षक माणसांऐवजी त्याच्याकडेच बघत राहतो. खुद्द पाँपेईकरांना मात्र तो तसा दिसत नव्हता. पाँपेईतल्या एका घराच्या देव्हाऱ्यात सापडलेल्या भित्तिचित्रात डोंगराच्या उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा आहेत आणि शेजारी मद्याचा देव बाखस द्राक्षांच्या घोसांनी मढून उभा आहे. तो डोंगर त्यांच्या लेखी मळ्यांचा आणि दारूचा होता. इसवी सन ६२ मध्ये भूकंपाने गावाची मोठी हानी केली होती, त्यानंतरही धक्के बसत, आणि लोक भिंती लिंपून कामाला लागत.

श्रुतिकेत डोंगर दिसत नाही. कोणी त्याचे नाव घेईपर्यंत किंवा तो स्वतः आवाज करीपर्यंत तो अस्तित्वातच नसतो. त्यामुळे श्रोता आपोआप पाँपेईकरांच्या जागी जाऊन बसतो : बाजाराचा गलबला, पाण्याचा आवाज, पेल्यांचा खणखणाट, आणि मधूनच जमिनीखालून आलेली एक घरघर, जिच्याकडे आजूबाजूचे कोणी फारसे लक्ष देत नाही. श्रोता मात्र दचकतो, कारण डॉक्टरप्रमाणे त्यालाही तारीख ठाऊक आहे. दृक्-माध्यमाला खर्च करूनही हा परिणाम साधत नाही. तो ध्वनीला फुकट मिळतो, पण एका अटीवर : आधी गाव ऐकू आले पाहिजे. उद्ध्वस्त होणारी जागा श्रोत्याच्या कानात वसलीच नसेल, तर पुढचा गडगडाट म्हणजे नुसता गडगडाट.

पहिले दोन भाग संथ असल्याच्या आक्षेपाला हेच उत्तर आहे, पण अर्धेच. त्या भागांत लेखक गाव वसवतो आणि ते ज्या साहित्यातून वसवतो ते अस्सल आहे. दोन उदाहरणे देते. श्रुतिकेत व्हॅलेरिया हेडोने नावाची एक बाई आहे. हेडोने हे नाव हवेतून आलेले नाही. पाँपेईत एका मद्यालयाच्या भिंतीवर लिहिलेला मजकूर सापडला आहे, त्याचा आशय असा : हेडोने सांगते, येथे एका आसात प्यायला मिळते, दोन दिलेत तर अधिक चांगली मिळेल, चार दिलेत तर फालेर्नियन प्याल. आस हे रोमनांचे हलके नाणे आणि फालेर्नियन ही त्यांची नावाजलेली दारू. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला हळूच वरच्या भावाकडे नेणाऱ्या त्या बाईचा आवाज मला तरी त्या ओळींत स्पष्ट ऐकू येतो.

दुसरे नाव पोपिदियस सेल्सिनसचे. पाँपेईतील इसिस देवीच्या मंदिरावर एक शिलालेख होता. त्यात म्हटले आहे की भूकंपात कोसळलेले हे मंदिर न्युमेरियस पोपिदियस सेल्सिनस याने स्वखर्चाने पायापासून पुन्हा उभारले, आणि या औदार्याबद्दल नगरसभेने त्याला शुल्क न घेता आपल्यात सामावून घेतले. शेवटी त्याचे वय दिले आहे : सहा वर्षे. खर्च अर्थातच बापाचा. बाप गुलामगिरीतून मुक्त झालेला होता, त्याला स्वतःला नगरसभेत बसता येत नव्हते, म्हणून त्याने लेकाच्या नावावर देऊळ बांधले. इसवी सन ७९ मध्ये तो मुलगा ऐन तारुण्यात असणार. श्रुतिकेतला सेल्सिनस तरुण आहे, सार्वजनिक जीवनात आहे, आणि त्याच्या बोलण्यात जी घाई आणि जी हौस आहे ती या शिलालेखातून कशी फुटली असेल, हे माझ्यासारखीला लगेच दिसते. एक दगड वाचून लेखकाने एक माणूस उभा केला. ऐतिहासिक संहिता लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा धडा गिरवावा असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडे बहुधा उलटे होते : आधी वीर ठरतो आणि मग त्याला शोभेल असा कागद शोधला जातो.

युमाकिया या पुजारिणीच्या नावाबाबत मात्र इतिहासशिक्षकांना हरकत घेता येईल. पाँपेईच्या चौकात जिची इमारत आजही उभी आहे आणि जिचा पुतळा धोब्यांच्या संघाने उभारला, ती युमाकिया स्फोटाच्या पुष्कळ आधी होऊन गेली. नाव घराण्यात पुन्हा आले असेल, असे मानून मी ते सोडून देते.

राहिलेले अर्धे उत्तर असे की संथपणाची तक्रार पूर्णपणे खोटी नाही. कथेच्या मध्यावर पकडले जाणे, सुटणे, पुन्हा पकडले जाणे हा क्रम लांबतो. प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा आणि शेवटी उत्कंठा ताणणारा, हा साचा जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतून आलेला आहे, आणि साच्यासाठी संकटे जमवावी लागली की ती तशी जाणवतात. मात्र आपण ती ऐकली कशी, हेही लक्षात घ्या. ही श्रुतिका दोन सीडींवर एकत्र विकली गेली. पुष्कळांनी ती एका किंवा दोन बैठकांत ऐकली असणार. कथेतला एक दिवस आपण चार आठवड्यांवर पसरवला. स्फोटाला ‘उद्या’ म्हणणारी वाक्ये आपल्या गटाने तीन आठवडे ऐकली आणि तो ‘उद्या’ पातळ झाला. एखादे मत तोलताना मी नेहमी आधी विचारते : कुठे ऐकले, किती वेळात ऐकले, हातात काही काम होते का? स्वयंपाक करताना ऐकणाऱ्याचे मत कमी प्रतीचे असते असे नाही, पण त्याने संवाद ऐकलेले असतात. संवादांच्या मागची जमिनीची घरघर त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

तारखेबद्दल. श्रुतिकेत स्फोट ऑगस्टमध्ये होतो. स्फोट दुरून पाहिलेल्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या प्रचलित पाठानुसार २४ ऑगस्ट ही तारीख शतकानुशतके मानली गेली, आणि २३ ऑगस्टला व्हल्कन या अग्निदेवतेचा सण येत असल्यामुळे तिला एक विलक्षण योग लाभला होता. २०१८ मध्ये पाँपेईतील एका घरात भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली, तिच्यात १७ ऑक्टोबर या अर्थाची रोमन तारीख आहे, आणि तेव्हापासून स्फोट २४ ऑक्टोबरच्या सुमारास झाला असावा या मताला बळ मिळाले. शरद ऋतूतल्या फळांचे अवशेष आधीपासूनच तसे सुचवत होते. आपल्या शिक्षकांचे ज्ञान अद्ययावत आहे, त्याचा आदर करते. परंतु २००० साली लिहिलेल्या संहितेला २०१८च्या शोधाची जबाबदारी देता येणार नाही.

भाषेच्या आक्षेपाशी माझा रोजचा संबंध येतो. लॅटिन बोलणारी माणसे इंग्रजीत बोलणार, हा संकेत एकदा मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो कोणत्या इंग्रजीत. इथे गुलाम मुलगी अॅग्ली, ग्लॅडिएटर मुरॅनस, नगरसभासद आणि पुजारीण यांच्या बोलण्यातले वर्गभेद ब्रिटिश श्रोत्याला ओळखीच्या हेलांतून कळतात. आपल्या कानाला ते सारे ‘लंडनचे’ वाटते, कारण त्या हेलांतली उतरंड आपल्या अंगवळणी पडलेली नाही. मराठीत आपण काय करतो ते आठवा. शिवकाल म्हटला की हुजऱ्यापासून सरदारापर्यंत सारे एकाच भारदस्त, लिहून काढलेल्या मराठीत बोलू लागतात, आणि श्रोत्याला आवाजावरून माणूस ओळखता येत नाही. एका नभोनाट्यात मी मावळ्याच्या तोंडी मावळातली बोली ठेवली, तेव्हा ‘भाषा ऐतिहासिक वाटत नाही’ असा अभिप्राय आला होता. मी ती बदलली आणि आजही मला त्याची खंत आहे. हेडोनेच्या भिंतीवरचा मजकूर वाचल्यावर कोणी म्हणू शकणार नाही की पाँपेईत लोक भाषणे केल्यासारखे बोलत असतील.

मेलबद्दल आपल्या गटात एकमत झाले, याचे मला नवल वाटले नाही. १९८६-८७ मध्ये दूरचित्रवाणीवर बॉनी लँगफर्ड यांच्या वाट्याला जी मेल आली ती उत्साही होती, पण तिच्याकडून किंकाळ्याच फार करून घेतल्या गेल्या. श्रुतिकेत किंकाळी हा अतिशय घातक ऐवज आहे. ती कानात घुसते, तिच्यामागचे आणि पुढचे सारे पुसून टाकते, आणि तिच्यातून माणूस कळत नाही. इथे तो मोह टाळलेला आहे. मेलचा आवाज खालच्या पट्टीत आहे, वाक्ये पूर्ण आहेत, आणि डॉक्टरने हात टेकले असताना ‘मार्ग असेलच’ ही तिची धारणा कथेला पुढे ओढत नेते. समोर मॅकॉय यांचा डॉक्टर बोलता बोलता अडखळतो, उत्तराआधी किंचित थांबतो. श्रुतिकेत थांबणे फार महाग असते. चित्रात नट गप्प बसला तरी त्याचा चेहरा चालू असतो. ध्वनीत तो गप्प बसला की तेवढा वेळ तो नसतोच, आणि त्या नसण्यात काहीतरी दडले आहे हे श्रोत्याला कळावे लागते. मेलने काही विचारल्यावर डॉक्टर लगेच उत्तर देत नाही, त्या जागा आपल्या गटाने पुन्हा ऐकाव्यात. सत्य लपवणाऱ्या माणसाचा श्वास तिथे ऐकू येतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही श्रुतिका पुन्हा पुन्हा ऐकते, ती सांगते. स्फोटाचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तान्त आपल्यापर्यंत आला तो धाकट्या प्लिनीच्या, इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांतून. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि उपसागरापलीकडे, सुमारे तीस किलोमीटरवर, मिसेनम येथे होता. पहिल्या पत्रात ढगाचे वर्णन आहे : छत्रीसारख्या पाइन वृक्षाचा बुंधा वर चढत जातो आणि मग फांद्या पसरतात तसा. चित्रकारांनी आणि शास्त्रज्ञांनी हेच वर्णन उचलले. दुसऱ्या पत्रात मात्र अंधार आहे. तो म्हणतो की हा अंधार अमावास्येचा किंवा ढगाळ रात्रीचा नव्हता, बंद खोलीतला दिवा मालवल्यावर होतो तसा होता. आणि पुढे लगेच सारे ऐकण्याचे आहे : बायकांचे आक्रोश, तान्ह्यांचे रडणे, पुरुषांचे ओरडणे, कोणी आईबापांना हाका मारतो आहे, कोणी मुलांना, कोणी जोडीदाराला, आणि ते एकमेकांना आवाजावरून ओळखण्याची धडपड करत आहेत.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. दिवा मालवलेली बंद खोली आणि आवाजावरून ओळखायची माणसे. आमचा स्टुडिओ याहून वेगळा काय असतो? शेवटच्या भागात आकाश काळवंडते आणि पात्रे एकमेकांना शोधत हाका मारतात, तेव्हा श्रोता प्लिनीच्या त्या परिच्छेदातच उभा असतो. दूरचित्रवाणीला तिथे थोडा तरी उजेड ठेवावाच लागतो.

ध्वनिरचनेविषयी एक हरकत माझीही आहे. पाँपेईवर आधी पडला तो हलका, सच्छिद्र दगड, प्यूमिस. तो सुमारे अठरा तास पडत राहिला, अडीच-तीन मीटरचा थर साचला आणि त्याच्या भाराने छपरे कोसळली. तप्त वायू आणि राखेचे लोट आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे पहिला आवाज गडगडाटाचा असला, तरी त्यानंतरचे कित्येक तास कौलांवर काहीतरी सतत सांडत राहिल्याचे आहेत. गारांचा प्रसंग असला की आम्ही सुपात साबुदाणा ओतायचो. प्यूमिससाठी मी कौलावर चुरमुरे आणि बारीक खडी मिसळून ओतले असते, कारण दगड असूनही वजन नसल्याचा तो विचित्र आवाज दुसऱ्या कशाने येणार नाही. मला ही श्रुतिका गडगडाटावर अधिक भिस्त ठेवते असे वाटले. तो सततचा, न थांबणारा, हलका सडा पुढे ठेवला असता, तर शेवटचा भाग आणखी असह्य झाला असता.

शेवट सोयीचा आहे, हे मत मला बरेचसे पटते. जे १९८० मध्ये सापडले ते सापडलेच पाहिजे आणि डॉक्टर व मेल वाचलेच पाहिजेत. या दोन्हींचा मेळ लेखकाने घातला आहे आणि तर्कात खोट नाही. कसा घातला, ते न ऐकलेल्यांसाठी फोडत नाही. पण तीन भाग डॉक्टरने जो भार वाहिला तो ज्या वेगाने उतरतो, तो वेग मला कमी हवा होता. गावातली माणसे मागे राहिलेली असताना त्या सुटकेला थोडा अधिक वेळ अवघडलेपणात ठेवायला हवे होते. आपल्या गटातील ज्या कोणी ‘सोयीचा’ म्हटले त्यांना नेमके हेच खुपले असावे, असा माझा अंदाज आहे. त्यांना तर्क नव्हे, दुःखाचा कालावधी कमी पडला.

आपण पुढे काय ऐकावे हेही विचारले आहे. त्याच वर्षी, मार्च २००० मध्ये आलेली ‘द मॅरियन कॉन्स्पिरसी’ घ्या. ती १५५५ मधील इंग्लंडमध्ये, राणी मेरीच्या कारकिर्दीत घडते आणि तिच्यात कॉलिन बेकर यांच्या डॉक्टरबरोबर एव्हलिन स्माइथ ही पन्नाशी ओलांडलेली इतिहासाची प्राध्यापिका प्रथम येते. ही व्यक्तिरेखा श्रुतिकेसाठीच निर्माण झाली, मॅगी स्टेबल्स यांच्या आवाजातच तिचा जन्म झाला, त्यामुळे ऐकताना दूरचित्रवाणीवरचा कोणताही चेहरा आड येत नाही. तारखा तिलाही पाठ आहेत, पण डॉक्टरप्रमाणे ओझे म्हणून नव्हे, आयुष्यभराचा व्यासंग म्हणून; आणि पुस्तकातली राणी समोर बसून बोलू लागल्यावर त्या व्यासंगाचे काय होते, ते ऐकण्यासारखे आहे. आपल्या इतिहासशिक्षकांना ती आवडेल असे वाटते. या वेळी चारही भाग एकाच दिवशी, मध्ये जेवणाची सुटी घेऊन ऐका, खोलीतले दिवे कमी ठेवा, आणि मते ताबडतोब न विचारता प्रत्येकाला एका कागदावर एवढेच लिहायला सांगा की कोणत्या आवाजाशी आपण पहिल्यांदा दचकलो.